नात्याची तिसरी पायरी

मुलांनो, आज आपल्याला एका खोलीत जायचं आहे. डोळे मिटा आणि कल्पना करा, असं मी म्हणणार होतो. पण तुम्ही डोळे मिटलेत तर पुढचं वाचणार कसं? तेव्हा डोळे उघडेच ठेवा आणि माझ्याबरोबर चला.

जर्मनीतलं, नेकार नदीकाठचं एक मध्यम शहर. साल २००६, जून महिना. फुटबॉलचा विश्वचषक चालू आहे, त्यामुळे रस्त्यातल्या प्रत्येक दुसऱ्या गाडीच्या खिडकीला झेंडा फडफडतोय. आपण कोर्टाच्या इमारतीत शिरतो, दोन जिने चढतो आणि एका खोलीत शेवटच्या बाकावर बसतो. कुणी आपल्याला अडवत नाही. कोर्टाचं काम कुणीही येऊन पाहावं, असाच इथला नियम आहे. तुमच्या शेजारी दहा वर्षांची एक मुलगी पाय हलवत बसली आहे, ती आपली क्षितिजा. तिच्या पलीकडे तिचे आजोबा श्यामकांत आणि त्यांच्या पलीकडे चारुलताआत्या. हे दोघं नाशिकहून येऊन आठवडाच झालाय.

समोरच्या टेबलामागचं दार उघडतं. काळा पायघोळ झगा घातलेली एक बाई आत येते. झग्याच्या गळ्याशी काळ्या मखमलीची रुंद पट्टी आहे. खोलीतले सगळे उठून उभे राहतात. वकील उठतात, आरोपी उठतो, आजोबा तर सगळ्यांच्या आधी उठलेले असतात.

क्षितिजा मात्र उठायला विसरली. कारण त्या काळ्या झग्यातल्या बाईंना तिने सकाळी सात वाजता एका हातात टोस्ट घेऊन दुसरा मोजा शोधताना पाहिलं होतं. ती तिची आई होती. कौमुदी गोकर्ण, या कोर्टाची न्यायाधीश.

"ऊठ गं!" आत्याने तिचं कोपर ओढलं.

क्षितिजा उठली. आईने सगळ्यांकडे पाहिलं. शेवटच्या बाकाकडेही पाहिलं, पण तिथे आपली मुलगी, सासरे आणि नणंद उभी आहेत असं तिच्या चेहऱ्यावर कुठेच दिसलं नाही. आईचा हा चेहरा क्षितिजाने आजवर कधी पाहिला नव्हता.

"हातोडा कुठाय?" तिने मूठ आपटल्याची खूण करत जर्मनमध्ये कुजबुजत विचारलं.

"टीव्हीतल्या कोर्टात असतो तो," आजोबा मराठीत कुजबुजले. "इथे नसतो, आपल्याकडेही नसतो. ऐक आता."

आरोपी होते सत्तरीचे एक आजोबा. पार्किंगची पावती फाडणाऱ्या बाईंना ते भर रस्त्यात 'मूर्ख गाय' म्हणाले होते. क्षितिजाने हे आत्याला मोडक्यातोडक्या मराठीत समजावून सांगितलं, तेव्हा आत्या थक्क झाली.

"गाय म्हणाला म्हणून खटला? आमच्याकडे म्हैस म्हटलं तरी कुणी कोर्टात जायचं नाही!"

पण पुढचा अर्धा तास आत्याही गप्प बसली. भाषा कळत नव्हती तरी गप्प बसली. ते आजोबा बोलत होते, आणि कौमुदी ऐकत होती. त्यांची बायको त्या दिवशी इस्पितळात होती. गाडी लावायला जागा मिळत नव्हती. ते तेच तेच तीन वेळा बोलले, रडले, नाक पुसून पुन्हा बोलले. कौमुदीने एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाही. मग तिने पावतीवाल्या बाईंनाही तितकंच ऐकलं. त्या दिवशी घरी गेल्यावर त्यांनी आपल्या मुलाला काय सांगितलं, एवढंच विचारलं. त्या बाई बोलायच्या थांबल्या, आणि समोरच्या म्हाताऱ्याने पहिल्यांदा मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं.

शेवटी पुन्हा सगळे उभे राहिले. या वेळी कौमुदीही उभी राहिली आणि म्हणाली, "जनतेच्या नावाने." दंड झाला. थोडाच, पण झाला. म्हाताऱ्याने मान डोलावली. जाताना दारापाशी त्याने पावतीवाल्या बाईंसाठी दार धरून ठेवलं.

श्यामकांतांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्याचं कारण सांगतो. ते नाशिकच्या जिल्हा न्यायालयात चौतीस वर्षं लघुलेखक होते. लघुलेखक म्हणजे साक्षीदार जे बोलेल ते भराभर खुणांच्या लिपीत उतरवून घेणारा माणूस. चौतीस वर्षं ते न्यायाधीशांच्या खुर्चीखाली, एका पायरीइतक्या खालच्या टेबलाशी बसले. मान वर करून पाहिलं की त्यांना साहेबांचे बूट दिसत. आणि इथे कौमुदीच्या शेजारी, तिच्याच टेबलाशी, तिच्याच उंचीवर एक मुलगी बसून लिहून घेत होती.

"लिहिणारी वरच बसते इथे," ते जिना उतरताना म्हणाले. "चारू, पाहिलंस का? वर बसते."

"पाहिलं बाबा," चारुलता म्हणाली. पण तिचं मन दुसरीकडेच होतं. आपली वहिनी एवढी मोठी आहे, हे तिला आज डोळ्यांनी दिसलं होतं. आणि रविवारी तिच्याकडे काय मागायचं, हे तिने तिथल्या तिथे ठरवून टाकलं होतं.

कौमुदी त्या खुर्चीपर्यंत कशी पोचली, ते तुम्हाला अजून सांगितलेलं नाही. आता एका दमात सांगतो. तिचा जन्म जर्मनीतल्याच आखन शहरातला. वडील आत्माराम गोकर्ण तिथल्या तांत्रिक विद्यापीठात यंत्रांवर संशोधन करायचे. तिला न्यायाधीश व्हायचं होतं, आणि त्यासाठी जर्मन नागरिक असावं लागतं. म्हणून चोविसाव्या वर्षी तिने भारतीय पासपोर्ट परत केला. आत्माराम तिच्याबरोबर गेले, रांगेत उभे राहिले, आणि परतीच्या गाडीत एक शब्द बोलले नाहीत. मग दोन मोठ्या सरकारी परीक्षा, त्यांच्यामधली दोन वर्षं उमेदवारीची. त्यानंतर तीनहून जास्त वर्षं सरकारने तिला पारखलं. आज या कोर्टात, उद्या त्या कोर्टात. त्याच काळात क्षितिजा झाली. शेवटी नेमणूक झाली ती जन्मभरासाठी. आता कुणी मंत्री तिला अमुक निकाल दे असं सांगू शकत नाही, आणि निकाल आवडला नाही म्हणून काढूही शकत नाही. त्या दिवशी तिने शपथ घेतली, की समोरची व्यक्ती कोण आहे हे न पाहता मी न्याय करीन.

आणि आता एक शेवटची गोष्ट समजून घ्या. रविवारचं सगळं तिच्यावर उभं आहे. समजा, तुमच्या शाळेत पाच बाई आहेत आणि वह्या कुणी तपासायच्या ते ठरवायचंय. तुम्ही म्हणाल, आमची वही प्रेमळ बाईंकडे द्या. म्हणून शाळेने वर्ष सुरू व्हायच्या आधीच ठरवून टाकलं, की अमुक अक्षरांची आडनावं अमुक बाईंकडे. मग कुणाची निवड नाही आणि कुणाचा वशिला नाही. जर्मनीतल्या पुष्कळ कोर्टांत फौजदारी खटले असेच वाटले जातात. कौमुदीकडे त्या वर्षी एल ते आर ही अक्षरं होती.

*

रविवारी श्यामकांतांचा पंच्याहत्तरावा वाढदिवस होता. घर नेकारसुल्मला, गाड्यांच्या मोठ्या कारखान्यापासून सायकलने दहा मिनिटांवर. क्षितिजाचे बाबा, प्रताप, त्याच कारखान्यात इंजिनिअर होते. चारुलताचा मुलगा यशोधनही सध्या तिथेच होता. डार्मश्टाटच्या विद्यापीठात डॉक्टरेट करता करता तो सहा महिन्यांच्या कामासाठी इकडे आला होता. नदीपलीकडे खोली घेऊन राहायचा आणि दर रविवारी मामाकडे जेवायला यायचा.

पंच्याहत्तरीला पंच्याहत्तर दिव्यांनी ओवाळतात. तेवढ्या पणत्या नेकारसुल्ममध्ये कुठून आणणार? चारुलताने बिस्किटं भाजायच्या मोठ्या ट्रेमध्ये पंच्याहत्तर टेलिश्टर मांडले, म्हणजे त्या पत्र्याच्या वाटीतल्या छोट्या मेणबत्त्या. ट्रे इतका तापला की ती ओव्हनचे हातमोजे घालून ओवाळत होती.

"आत्या, तू अंतराळवीर दिसतेस," क्षितिजा जर्मनमध्ये म्हणाली, आणि यशोधनने त्याचं भाषांतर केलं.

"तुझी आई झगा घालते, मी हातमोजे घालते," आत्या म्हणाली. "ज्याचा त्याचा गणवेश."

सगळे हसले. मग क्वार्कचं, म्हणजे इथल्या चक्क्याचं, श्रीखंड झालं, पुऱ्या झाल्या. चारुलताने स्पार्गेलची, म्हणजे इथल्या लाडक्या पांढऱ्या शतावरीच्या कोंबांची, मोहरीची फोडणी देऊन भाजी केली होती. ती खाऊन प्रताप म्हणाले, "ताई, हे पाहिलं तर शेजारचे लोक पोलिसांना बोलावतील. स्पार्गेलला हळद!"

पोलीस म्हटल्याबरोबर यशोधनचा हात पुरीवर थांबला. चारुलताने ते पाहिलं. तिने ठरवलं, आत्ताच.

"कौमुदी, तुझ्याकडे एक मागायचंय."

"मागा ना ताई."

"आई, नको," यशोधन म्हणाला.

"तू गप्प बस. एप्रिलमध्ये याच्या हातून एका गाडीला गाडी घासली. पोहण्याच्या तलावाच्या पार्किंगमध्ये."

"काय?" प्रताप म्हणाले. "आणि मला बोलला नाहीस?"

"लाज वाटली मामा." यशोधन ताटाकडे बघत होता. "रिव्हर्स घेताना त्या गाडीच्या दाराला पोचा आला. मी थांबलो. मालक आला नाही. मग कागदावर नाव आणि मोबाइल नंबर लिहिला, वाइपरखाली लावला आणि निघालो. पुण्यात असतो तर असा कागद लावणाऱ्याचा लोकांनी सत्कार केला असता. मला वाटलं, मी चांगलंच केलं."

प्रतापनी कपाळाला हात लावला. मुलांनो, हे तुम्हीही लक्षात ठेवा. जर्मनीत नुसती चिठ्ठी लावून निघून जाता येत नाही. बराच वेळ थांबायचं, आणि तरी कुणी आलं नाही तर लगेच पोलिसांना कळवायचं. नाहीतर तो पळून जाण्याचा गुन्हा होतो. जन्मभर इथे राहणाऱ्यांना हे शाळेपासून ठाऊक असतं. प्रामाणिक यशोधनला ते ठाऊक नव्हतं.

"आणि ती चिठ्ठी?" श्यामकांतांनी विचारलं.

"उडाली असेल आजोबा. मालकाला मिळाली नाही. समोरच्या बाल्कनीतल्या एका बाईंनी माझ्या गाडीचा नंबर टिपला. त्यांनी जबाब दिलाय, की हा उतरला, पोचा पाहिला आणि गेला. ऑक्टोबरपासून मला इथे कायमची नोकरी आहे, पण पोलिसांचं स्वच्छ प्रमाणपत्र लागतं. मला शिक्षा झाली तर…"

"थांब." कौमुदीने तळहात वर केला. "यशोधन, पुढे बोलू नकोस. प्रकरण कोर्टात गेलंय का?"

"शुक्रवारी गेलं. वकील म्हणाले."

कौमुदीने चमचा खाली ठेवला. शुक्रवारी संध्याकाळी ती घरी आल्यावर काही नव्या फायली तिच्या कोर्टातल्या खोलीत येऊन पडल्या असणार. यशोधन निसळ. एन.

"तेच तर!" चारुलता म्हणाली. "वकील म्हणाले, एन म्हणजे गोकर्णबाई, आणि त्या फार समजून घेतात. त्यांना कुठे माहीत, ती याची मामी! मी गुरुवारी पाहिलं ना तुला. त्या म्हाताऱ्याचं किती ऐकलंस. माझ्या मुलाचंही तेवढंच ऐक. जास्त काही नको."

"ताई, मी त्याचं ऐकू शकणार नाही. उद्या सकाळी मी लिहून कळवीन की आरोपी माझ्या नणंदेचा मुलगा आहे. मग दुसरे न्यायाधीश ते काम घेतील."

"पण कायदा तुला तसं सांगत नाही!" चारुलताने पदराआडून घडी घातलेला कागद काढला. "यशने मला वाचून दाखवलंय. रक्ताचं नातं तिसऱ्या पायरीपर्यंत आणि लग्नाचं दुसऱ्या पायरीपर्यंत असेल, तर न्यायाधीशाने त्या खटल्यातून उठायचं. नवऱ्याचे आईवडील पहिली पायरी, नवऱ्याची बहीण दुसरी. तिचा मुलगा तिसरी. लग्नाच्या नात्यात तिसरी पायरी धरत नाहीत. म्हणजे कायद्याने यश तुझा कुणी लागत नाही."

टेबलाभोवतीचे सगळे तिच्याकडे बघू लागले. चारुलतालाही आपण काय बोललो ते जरा उशिराच ऐकू आलं.

"ताई," प्रताप हळूच म्हणाले, "गेली बारा वर्षं तू फोनवर म्हणतेस, कौमुदी आम्हाला आपलं समजत नाही. आणि आज तूच म्हणतेस, तो तिचा कुणी लागत नाही?"

"कागदावर रे! माझ्या पोराचं आयुष्य आहे. कागदावर परकं व्हावं लागलं तर होऊ."

कौमुदी नणंदेकडे बघत राहिली. तिला राग आला नाही. या बाईने आठवडाभर यशोधनला रोज बोलावून, तिच्या शेजारी बसवून 'मामीच्या हातचं खा' म्हणून वाढलं होतं, आणि आज तीच बोटांवर पायऱ्या मोजून त्याला दूर ढकलत होती, त्याच्याचसाठी.

"आल्झो, ताई, कायदा मला आपोआप उठवत नाही, हे गेनाऊ बरोबर आहे," ती म्हणाली. आल्झो म्हणजे 'तर', गेनाऊ म्हणजे 'अगदी'; बोलण्याच्या भरात तिच्या मराठीत जर्मन शिरायचं. "पण कुणाला माझ्यावर शंका यावी असं काही असेल, तर ते मी होऊन सांगायचं असतं."

"आडनावं वेगळी आहेत. तू सांगितलं नाहीस तर कळणार कुणाला?"

"मला कळेल ना. त्याने आत्ता सगळं सांगितलं, आणि माझा त्याच्यावर विश्वास बसलासुद्धा. एक कागद न पाहता. त्या बाल्कनीतल्या बाईंचं म्हणणं मी अजून ऐकलेलं नाही, आणि मनात त्यांना खोटं ठरवूनही टाकलं. तुम्ही त्या बाईंच्या जागी असता, तर अशी न्यायाधीश तुम्हाला समोर बसलेली चालली असती का?"

चारुलताने वडिलांकडे पाहिलं. "बाबा, तुम्ही सांगा हिला. तुम्ही कोर्टात जन्म काढलात. कुणी कुणासाठी काहीच करत नाही का?"

श्यामकांतांनी श्रीखंडाची वाटी बाजूला सरकवली.

"माझ्याकडे एकदा एका शब्दासाठी माणूस आला होता," ते म्हणाले. "एका साक्षीदाराने सांगितलं होतं, 'कुंपण नक्की कुमाररावांनीच हलवलं.' मी ते उतरवून घेतलं. संध्याकाळी कुमारराव घरी आले. म्हणाले, टाइप करताना 'नक्की' काढून 'बहुतेक' घाला. एकच शब्द."

"कुमारमामा?" चारुलताचा आवाज बदलला.

"तुझा मामा. तुझ्या आईचा, सुधाचा, सख्खा भाऊ. मी नाही म्हटलं. तो खटला हरला."

"माझ्या लग्नाला मामा आला नाही, तेव्हा…"

"कावीळ झाली होती असं आम्ही तुला सांगितलं. झाली नव्हती. तो आमच्या दारात पुन्हा आला नाही. तुझी आई अकरा वर्षं भाऊबीजेला चंद्राला ओवाळत होती. मला कधी एका शब्दाने बोलली नाही."

प्रताप उठले आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले. हे त्यांनाही नवीन होतं. चारुलता बसूनच होती. मुलीला बोहल्यावर मामाने न्यायचं असतं. तिला शेजारच्या घरातल्या एका काकांनी नेलं होतं, आणि मामाला कावीळ आहे म्हणून ती लग्नाच्या गडबडीतही देवाला हात जोडत होती.

"अठ्ठावीस वर्षांनी सांगताय," ती म्हणाली.

"सांगायला नको होतं?"

"मला माहीत नाही बाबा." तिने कागदाची घडी घातली, पुन्हा घातली, ती बोटभर होईपर्यंत घालत राहिली. "तुमचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण तो मांडव माझ्या डोळ्यांपुढून जाणार नाही. आणि आज माझ्या मुलाच्या वेळीही घरातलंच माणूस उठून जाणार."

"मी त्याची मामी आहे, म्हणूनच उठतेय ना ताई," कौमुदी म्हणाली. "परकी असते तर बसले असते."

तो बोटभर कागद चारुलताने कौमुदीच्या ताटाशेजारी ठेवला, आणि त्यावरचा हात काढून घेतला.

*

आता क्षितिजाकडे चला. इतका वेळ ती टेबलाच्या टोकाशी बसून होती, आणि तिच्या समोरचं श्रीखंड तसंच होतं. एक गोष्ट या घरात फक्त दोघांना माहीत होती. मी ती तुम्हाला सांगतो.

एप्रिलमधल्या त्या संध्याकाळी क्षितिजा यशदादाच्या गाडीत होती. तिचा पोहण्याचा क्लास सुटला होता आणि तो तिला न्यायला आला होता. इथे दीड मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला गाडीत किंडरझित्सवर, म्हणजे उंच आसनावर, बसवावंच लागतं. क्षितिजा एक मीटर एकेचाळीस. दादाच्या गाडीत ते आसन नव्हतं. "पाचच मिनिटांचा रस्ता आहे," दादा म्हणाला होता, "मामीला सांगू नकोस हं."

मग तो पोचा आला. क्षितिजाच्या केसांतून पाणी गळत होतं. ती काच पुसून बाहेर बघत राहिली. चर्चचे टोले पडले, सव्वासहाचे. दादा त्या गाडीभोवती फेऱ्या मारत होता. आणखी टोले पडले, साडेसहाचे. मग त्याने तिच्याचकडून पेन मागितलं, गाडीच्या टपावर कागद ठेवून लिहिलं आणि वाइपर उचलला. घरी पोचल्यावर तो पुन्हा म्हणाला, "तू गाडीत नव्हतीस. वचन दे." तिने दिलं.

ते तिने आजवर सांभाळलंही होतं. पण आता श्यामकांतांनी चष्मा पुसत विचारलं, "यश, चिठ्ठी लावताना तुला कुणी पाहिलं का? कुणी एक माणूस तरी?"

यशोधनने क्षितिजाकडे पाहिलं नाही. अजिबात पाहिलं नाही.

"नाही आजोबा. कुणीच नव्हतं."

क्षितिजाची खुर्ची करकरली. ती उभी राहिली होती.

"मामा," ती आईला जर्मन मुलं म्हणतात तशी हाक मारून म्हणाली, "मला काहीतरी…"

कौमुदीने वळून पाहिलं. आधी मुलीकडे, मग यशोधनच्या पांढऱ्या पडलेल्या चेहऱ्याकडे. दहाहून जास्त वर्षं ती माणसांचे चेहरे वाचत होती. तिला कळायला एक क्षण पुरला. तिने पुन्हा तळहात वर केला.

"क्षिती, थांब. मला सांगू नकोस."

"का?"

"कारण तू मला सांगितलंस की मी प्रश्न विचारीन. मग तुझे शब्द माझ्या प्रश्नांसारखे होतील. नंतर लोक म्हणतील, न्यायाधीश आईने पोरीला पढवलं. आणि ते खोटं आहे, असं मलाही छातीवर हात ठेवून म्हणता येणार नाही."

"मग कुणाला सांगू?"

"ज्यांनी ऐकायचं त्यांना. दादाचे वकील आहेत. ते तुला सांगतील पुढे कुणाला सांगायचं ते. तू पाहिलंस तेवढंच सांगायचं. कमी नाही, जास्त नाही."

"कौमुदी, ती दहा वर्षांची आहे!" प्रताप खिडकीपासून वळले. "तिला कशाला यात ओढायचं? दुसरे न्यायाधीश बघून घेतील."

"मी तिला बोल म्हणत नाहीये," कौमुदी म्हणाली. "पण या घरात तिला कुणी गप्प बसही म्हणणार नाही."

"हो, पण पोरीला ते झेपायला नको का?"

"गुरुवारी मी पाहिलं तुझ्या बायकोला, प्रताप," श्यामकांत म्हणाले. "एका म्हाताऱ्याचं रडणं संपेपर्यंत ती थांबली. ही तिचीच मुलगी आहे. तिलाही थोडं थांबू दे. तिचं ती ठरवील."

क्षितिजाने आत्याकडे पाहिलं. आत्याच्या डोळ्यांत असं काही होतं की तिला वाटलं, आत्या आता 'सांग' म्हणेल. ओठ हललेही. पण आत्याने ते घट्ट मिटले आणि हातमोजे उचलून ती थंड झालेला ट्रे स्वयंपाकघरात घेऊन गेली. मुलासाठी तडफडणाऱ्या आईला एक शब्द न बोलणं किती जड गेलं असेल, ते मी लिहू शकत नाही. तुम्ही मोठे झालात की हे पान पुन्हा वाचा.

यशोधन उठून क्षितिजापाशी आला आणि गुडघ्यांवर बसला.

"क्षिती," तो म्हणाला, "त्या दिवशी मी तुझ्याकडून वचन घेतलं, ते माझ्यासाठी घेतलं होतं, तुझ्यासाठी नाही. ते मी परत घेतो. आता तुला वाटेल ते कर. मी तुझ्यावर रागावणार नाही."

"तुला जास्त शिक्षा होईल का?"

"मला माहीत नाही."

तिने आईकडे पाहिलं. आईलाही माहीत नव्हतं, आणि ते आईच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. गुरुवारी जिच्यासाठी सगळी खोली उभी राहिली, त्या आईच्याही हातात आता काही नव्हतं. क्षितिजाला त्याची भीती वाटायला हवी होती. पण तिला वाटलं, आपण एखाद्या उंच, रिकाम्या खोलीत उभे आहोत, आणि सगळे जण आपल्यासाठी शांत झाले आहेत.

ती जिना चढून आपल्या खोलीत गेली. दार तिने लावलं नाही. शाळेची गणिताची वही उघडून तिने मधलं एक कोरं पान काळजीपूर्वक काढलं, त्यावर तारीख घातली आणि आपलं पूर्ण नाव लिहिलं. चिठ्ठीपासून सुरुवात केली असती तर सोपं गेलं असतं. टोल्यांपासून केली असती तरी चाललं असतं. थोडा वेळ ती पेन हातात धरून बसली.

मग तिने लिहिलं: "मी गाडीत होते. मागच्या सीटवर. माझ्याखाली किंडरझित्स नव्हता."

आणि नवी ओळ सुरू केली.